जुन्या वहीतले दहा हिट

२९ मे २०२४ रोजी अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलने आपल्या विक्रमांची अधिकृत यादी बदलली. कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी सरासरीच्या रकान्यात टाय कॉबचे नाव पिढ्यान्‌पिढ्या सर्वांत वर होते. ते त्या दिवशी एक ओळ खाली सरकले आणि त्याच्या जागी जॉश गिब्सन हे नाव आले. कॉबचे निधन १९६१ मध्ये झाले होते आणि गिब्सनचे १९४७ मध्ये. शिवाय गिब्सन त्या काळच्या मेजर लीगमध्ये एकही सामना खेळलेला नव्हता.

मरण पावलेल्या दोन खेळाडूंची अशी अदलाबदल झाली की एक जुना वाद नव्याने उभा राहतो. बेसबॉलचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा तो वाद.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकाला या प्रश्नातली अडचण चटकन लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे निदान कसोटी फलंदाजीपुरता तरी डॉन ब्रॅडमनचा ९९.९४ हा आकडा कोणत्याही चर्चेच्या मध्यभागी खांबासारखा उभा असतो. हे ब्रॅडमन १९३२ मध्ये न्यूयॉर्कला गेले असताना यँकी स्टेडियममध्ये बेब रूथला भेटले होते. दोघांच्या त्या भेटीचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. बेसबॉलमध्ये मात्र ९९.९४ सारखा एकच एक आकडा नाही. तिथे दहा प्रयत्नांत तीन वेळा यशस्वी फटका मारून, म्हणजेच ‘हिट’ मिळवून, बेस (धाव पुरी करण्याच्या वाटेवरचा थांबा) गाठणारा फलंदाज उत्तम समजला जातो आणि त्याची सरासरी ०.३०० अशी लिहिली जाते. कॉबची सरासरी ०.३६७ होती आणि गिब्सनची आता ०.३७२ मानली जाते. हजारात पाच हिटच्या या फरकामागे दोन संपूर्ण वेगळी आयुष्ये आहेत.

सुरुवात अर्थातच बेब रूथपासून करावी लागते. बाल्टिमोरमध्ये १८९५ साली जन्मलेला आणि लहानपणीच एका सुधारगृहवजा शाळेत टाकलेला हा मुलगा बॉस्टन रेड सॉक्स संघात आला तो पिचर म्हणून. चेंडू टाकणाऱ्याला आपण गोलंदाज म्हणतो, तेच हे काम. ते तो इतके चोख करत होता की १९१६ मध्ये अमेरिकन लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी हा एक, दुसरा नॅशनल लीग) सर्व पिचरांमध्ये त्याने डावांच्या मानाने सर्वांत कमी धावा दिल्या होत्या. पुढे त्याच्या हातातली बॅट संघाला अधिक मोलाची वाटू लागली. १९१९ संपता संपता बॉस्टनच्या मालकाने एक लाख डॉलरला त्याला न्यूयॉर्क यँकीज संघाला विकले आणि १९२० च्या हंगामात रूथने ५४ होम रन मारले. चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापार गेला की होम रन होतो. आपल्या षटकारासारखाच, पण कितीतरी दुर्मीळ. तो त्या वर्षी किती दुर्मीळ होता, हे कळण्यासाठी एवढेच पाहावे की अमेरिकन लीगमधल्या उरलेल्या सात संघांपैकी एकाही संघाला, सगळे खेळाडू मिळूनही, ५४ होम रन मारता आले नव्हते.

याची काही कारणे त्या काळात होती, आणि ती रूथच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवीत. १९२० पूर्वी एकच चेंडू थुंकी, माती आणि तंबाखूच्या रसाने काळा पडेपर्यंत वापरला जाई. फलंदाजाला तो नीट दिसत नसे आणि मऊ झाल्यामुळे लांबही जात नसे. १९२० मध्ये थुंकी लावलेल्या चेंडूवर निर्बंध आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडचा रे चॅपमन हा फलंदाज डोक्याला चेंडू लागून मरण पावला, आणि त्यानंतर पंच मळलेला चेंडू लवकर बदलू लागले. पण स्वच्छ चेंडू सर्वांनाच मिळत होता आणि ५४ होम रन मात्र एकट्याने मारले, हा रूथच्या बाजूचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. कारकिर्दीअखेर त्याच्या नावावर ७१४ होम रन होते, आणि वर पिचर म्हणून जिंकलेले ९४ सामने.

तरीही १९३६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, पहिली निवडणूक झाली, तेव्हा २२६ मतदारांपैकी २२२ जणांनी कॉबला मत दिले आणि रूथला २१५ मते मिळाली. तितकीच मते होनस वॅग्नरलाही मिळाली. ज्यांनी या तिघांनाही आपल्या डोळ्यांनी खेळताना पाहिले होते, त्यांना रूथ निर्विवाद पहिला वाटला नव्हता. आज आपण आकडे समोर ठेवून त्याला पहिला म्हणतो, तेव्हा हे मतदान विसरतो.

मात्र रूथवरचा खरा आक्षेप वेगळा आहे. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत मेजर लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश नव्हता. तसा कोणताही लेखी नियम नव्हता, संघमालकांचा आपसातला समझोता होता आणि तो नियमापेक्षा कडकपणे पाळला जात असे. रूथने ज्यांच्या चेंडूंवर फटके मारले, त्यांत सॅचेल पेजसारखा पिचर कधीच नव्हता, आणि होम रनच्या शर्यतीत त्याच्याशेजारी गिब्सन कधी धावला नाही.

जॉश गिब्सन कॅचर होता, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवे बसून प्रत्येक चेंडू झेलणारा, गुडघ्यांचा चुराडा करणारे काम करणारा खेळाडू. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज या संघांकडून तो त्या काळी ‘निग्रो लीग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धांत खेळला. या संघांना अधिकृत स्पर्धेचे सामने कमी मिळत. उरलेला हंगाम बसमधून गावोगाव जाऊन, मिळेल त्या संघाशी पैशासाठी खेळण्यात जाई, आणि त्या सामन्यांतले होम रन कोणत्याही अधिकृत वहीत चढत नसत. म्हणूनच गिब्सनने आठशे होम रन मारले असे सांगणारेही भेटतात आणि त्याचे अधिकृत आकडे फार थोड्या सामन्यांचे आहेत असे बजावणारेही भेटतात. दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. १९२० ते १९४८ या काळातील सात लीगमधल्या २,३०० हून अधिक खेळाडूंच्या नोंदी, जुन्या वर्तमानपत्रांतले धावफलक एकेक करून जुळवत, संशोधकांनी उभ्या केल्या, आणि त्यांतूनच ते ०.३७२ आले. लहान हंगामांत सरासरी फुगते, हे खरे आहे. पण हंगाम लहान का होते, हे सांगितल्याशिवाय तो आक्षेप घेणे मला अर्धवट वाटते.

२० जानेवारी १९४७ रोजी गिब्सन वारला, तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगचे दार उघडले. मध्ये तीन महिनेही गेले नव्हते.

आता जरा १९५४ कडे वळू. २९ सप्टेंबर, न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स, वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे हंगामाच्या अजिंक्यपदाच्या मालिकेचा, पहिला सामना. हे मैदान आंघोळीच्या टबासारखे लांबुळके होते. उजव्या बाजूचे कुंपण कोपऱ्यात जेमतेम २५८ फुटांवर, तर समोरची, म्हणजे सेंटर फील्डची हद्द ४८० फुटांच्याही पलीकडे. न्यूयॉर्क जायंट्स आणि क्लीव्हलँड यांच्यात २-२ अशी बरोबरी, नऊपैकी आठवा डाव, कोणीही बाद नाही. दुसऱ्या बेसवर लॅरी डोबी, पहिल्यावर ॲल रोझन. क्लीव्हलँडच्या विक वर्ट्झने चेंडू थेट समोर, सुमारे ४२० फूट लांब मारला.

पडद्यावर दिसणाऱ्या या कृष्णधवल चित्रणात जायंट्सचा २३ वर्षांचा सेंटर फील्डर विली मेज फलंदाजाकडे पाठ करून धावतो आहे. त्याच्या पाठीवरचा २४ हा आकडा कॅमेऱ्याकडे आहे. चेंडू कुठे पडणार, हे त्याने बॅटचा आवाज होताच ठरवलेले दिसते, कारण मध्ये कुठेही त्याची पावले अडखळत नाहीत. चेंडू डोक्यावरून, खांद्याच्या पुढे उतरतो आणि त्याच्या हातमोज्यात विसावतो. बहुतेक लोक हे चित्रण इथे थांबवतात. ते थांबवू नये. झेल घेतल्याच्याच दमात मेज गर्रकन वळतो, डोक्यावरची टोपी उडून पडते, आणि तोल जाता जाता तो चेंडू आतल्या मैदानाकडे भिरकावतो. डोबी तिसऱ्या बेसच्या पुढे जाऊ शकत नाही आणि रोझनला पहिल्याच बेसवर राहावे लागते. त्या डावात क्लीव्हलँडला एकही धाव मिळाली नाही. बरोबरीमुळे खेळाव्या लागलेल्या दहाव्या डावात जायंट्सच्या डस्टी ऱ्होड्सने उजव्या कोपऱ्यातल्या त्या जवळच्या कुंपणावरून एक होम रन मारला. तो वर्ट्झच्या फटक्यापेक्षा दीडशे फुटांहूनही आखूड होता, आणि त्यावर जायंट्सने सामना जिंकला. त्या हंगामात १११ सामने जिंकून आलेला क्लीव्हलँडचा संघ ही मालिका ४-० अशी हरला.

खेळाडूचे मोजमाप करताना बेसबॉलमधले लोक पाच गोष्टी पाहतात: हिट मिळवण्याचे सातत्य, फटक्यातली ताकद, पायांतला वेग, क्षेत्ररक्षण आणि फेक. रूथकडे पहिल्या दोन अफाट होत्या आणि पिचर असल्यामुळे खांद्यात जोरही होता, पण चपळाईने धावणारा म्हणून त्याला कोणी ओळखत नसे. टेड विल्यम्सची १९४१ मधली ०.४०६ ही सरासरी पुढे अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कोणाला साधली नाही, आणि त्याची जवळपास पाच वर्षे दोन युद्धांत गेली. पण बॅट खाली ठेवल्यावर तो तितका मोठा खेळाडू राहत नसे. मेजकडे पाचही गोष्टी होत्या. त्याने ६६० होम रन मारले, १९५६ पासून सलग चार वर्षे नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक बेस चोरले (म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावत पुढचा बेस गाठला), आणि क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार १९५७ मध्ये सुरू झाला तेव्हापासून तो सलग बारा वर्षे मिळवला. मध्ये १९५२ चा बहुतेक आणि १९५३ चा संपूर्ण हंगाम लष्करी सेवेत गेला. पुढे जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर तिथले त्याचे मैदान वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध होते. हँक ॲरनने नंतर रूथला मागे टाकत ७५५ होम रन केले आणि त्यासाठी धमक्यांची पोतीभर पत्रे सोसली. त्याचा मान कोणी कमी करू नये, पण सेंटर फील्डमध्ये मेजने वाचवलेल्या धावा होम रनच्या रकान्यात दिसत नाहीत.

बॅरी बाँड्सचे नाव इथे टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मेज हा त्याचा गॉडफादर. २८ मे १९९८ रोजी शेवटच्या डावात, दोन बाद असताना आणि तिन्ही बेस भरलेले असताना, ॲरिझोनाने ८-६ अशा आघाडीवर बाँड्सला मुद्दाम पहिला बेस बहाल केला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एक धाव आपल्या हाताने दिली, पण त्याला चेंडू खेळू दिला नाही. पुढचा फलंदाज बाद झाला आणि ॲरिझोना ८-७ ने जिंकली. त्यानंतर २००१ मधले ७३ आणि कारकिर्दीतले ७६२ होम रन हे दोन्ही विक्रम त्याचेच झाले. पण उत्तेजकांच्या प्रकरणाची छाया त्यांवर कायमची पडली. जाणूनबुजून काही घेतले नाही, असे त्याने न्यायालयीन चौकशीत सांगितले होते. हॉल ऑफ फेमसाठी ७५ टक्के मते लागतात आणि २०२२ मध्ये, पत्रकारांच्या मतदानातल्या दहाव्या आणि अखेरच्या संधीत, त्याला ६६ टक्के मिळाली. मला विचाराल तर १९९८ च्या त्या संध्याकाळपर्यंतचा बाँड्सच या वादात बसण्याइतका मोठा होता, आणि हीच त्याच्या कथेतली सर्वांत त्रासदायक बाजू आहे.

शोहेई ओतानीबद्दल मात्र निकाल देण्याची घाई मी करणार नाही. रूथने पिचर आणि फलंदाज ही दोन्ही कामे एकत्र फार तर दोनेक हंगाम जोमाने केली. जपानच्या इवाते प्रांतातून आलेला ओतानी ती आजच्या काळात करतो आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी डॉजर्सकडून खेळताना त्याने सहा डाव एकही धाव न देता दहा फलंदाज स्ट्राइकआउट (चेंडू नीट मारू न देताच बाद) केले आणि त्याच सामन्यात स्वतः तीन होम रन मारले. एका सामन्याचा प्रश्न असता तर वाद तिथेच संपला असता. पण सेंटर फील्डमध्ये वीस वर्षे धावणे ही निराळी परीक्षा आहे, आणि ओतानीची अजून बरीच वर्षे शिल्लक आहेत.

माझे मत मेजच्या पारड्यात पडते, आणि त्यामागे ते पाच गुण आहेत तसेच एक सहावे कारणही आहे. ज्या दोन जगांपैकी एकात रूथ आणि दुसऱ्यात गिब्सन आयुष्यभर राहिले, त्या दोन्ही जगांत मेज खेळला. १९४८ मध्ये, शाळेत शिकत असताना, तो अलाबामातल्या बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स या संघाकडून रिकवुड फील्डवर उतरत असे. १९५१ मध्ये जायंट्सकडे आल्यावर पहिल्या बारा प्रयत्नांत त्याला एकही हिट मिळाला नाही, आणि तेराव्यात त्याने वॉरन स्पॅनसारख्या पिचरला होम रन मारला.

२० जून २०२४ रोजी मेजर लीगचा एक सामना मुद्दाम याच रिकवुड फील्डवर ठेवण्यात आला. १९१० मध्ये बांधलेल्या या मैदानावर त्या दिवशी पाचही पंच कृष्णवर्णीय होते, आणि मेजर लीगमध्ये असे पूर्वी कधी झाले नव्हते. मेज त्या सामन्याला येऊ शकला नाही. दोन दिवसांपूर्वी, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्याचे निधन झाले होते. मे महिन्याच्या अखेरीस यादी बदलली तेव्हा बर्मिंगहॅमच्या त्या शाळकरी मुलाचे १९४८ मधले दहा हिट त्याच्या खात्यात जमा झाले होते, आणि ३,२८३ चे ३,२९३ झालेले पाहायला तो तीन आठवडे हयात होता.