झोन एक्समधलं घर

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या मुलीचं घर अमेरिकेत टेक्सास राज्यात, ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या बाजूला आहे. 2018 च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा तिथे गेलो, तेव्हा शेजारच्या घरात आदल्या वर्षीच्या हार्वे वादळाच्या पुरानंतरचं सुतारकाम चालू होतं. भिंतींचा खालचा चार फुटांचा पट्टा सगळीकडे कापून काढलेला. आतला लाकडी सांगाडा उघडा, आणि वरची भिंत मात्र रंगासकट, फोटोंसकट जशीच्या तशी. तिकडची आतली भिंत आपल्यासारखी विटांची नसते. लाकडाच्या चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकतात. पत्रा चार फुटी, म्हणून कापणंही चार फुटी. भिजला की त्याचा लगदा होतो, बुरशी धरते, काढून टाकण्यावाचून इलाज नाही.

मी तीस वर्षं रायगड-रत्नागिरीत विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम केलं. सवयीने माझी नजर पाण्याची रेघ शोधायला लागली. ती बाहेरच्या विटांवर सापडली, गुडघ्याच्या वीतभर वर. घरमालकाला विचारलं, क्लेम किती मंजूर झाला? तो म्हणाला, "घराचा विमा आहे. पुराचा नाही. घर घेताना एजंट म्हणाला होता, हा झोन एक्स आहे, म्हणजे सरकारी नकाशावरचा कमी धोक्याचा पट्टा, पुराचा विमा काढायची गरज नाही."

मुलीलाही दोन वर्षांपूर्वी हेच सांगितलं गेलं होतं. तिच्या घरात पाणी शिरलं नाही, कारण तिचा उंबरा एक पायरी वर होता. एवढाच काय तो फरक.

आता इथल्या श्रोत्यांना प्रश्न पडेल, की घराचा विमा आहे आणि पुराचा नाही, हे काय गौडबंगाल? आपल्याकडे 2021 पासून जी भारत गृह रक्षा पॉलिसी मिळते, तिच्यात आग, भूकंप, चक्रीवादळ, पूर हे सगळं एकाच छत्राखाली येतं. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या पॉलिसीतून पूर वगळलेला असतो. 1927 साली मिसिसिपी नदीला महापूर आला आणि त्यानंतर खासगी कंपन्यांनी पुरातून अंग काढून घेतलं. त्यांच्या बाजूने बघितलं तर ते समजण्यासारखं आहे. आग लागते ती गावातल्या एखाद्या घराला. पुराचं पाणी अख्ख्या गावात एकाच रात्री शिरतं. शिवाय पुराचा विमा मागायला येतो तो नदीकाठचाच माणूस, टेकडीवरचा येत नाही. मग गोळा झालेल्या हप्त्यांतून भरपाई द्यायची कशी?

1965 मध्ये बेट्सी वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं आणि 1968 साली सरकारनेच पुराचा विमा सुरू केला. घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, आतल्या सामानाला एक लाख. जास्त धोक्याच्या पट्ट्यात घर असेल आणि त्यावर बँकेचं कर्ज असेल, तर हा विमा सक्तीचा. पट्टा कुठला ते सरकारी नकाशा ठरवतो, आणि त्या नकाशाची मुख्य रेघ असते शंभर वर्षांच्या पुराची.

या शंभर वर्षांनी फार लोकांना फसवलंय. माणसाला वाटतं, शंभर वर्षांतून एकदा येणार, म्हणजे आपल्या हयातीत कुठला? खरा अर्थ असा, की दर वर्षी शंभरात एक शक्यता. घराचं कर्ज तीस वर्षांचं असतं. तीस वर्षांचा हिशेब केलात, तर एकदा तरी पाणी येण्याची शक्यता शेकडा 26 निघते. चारातलं एक घर. आणि रेघेच्या पलीकडे पाऊलभर गेलात की सक्ती संपते, धोका थोडाच संपतो? पाण्याला नकाशा कोण दाखवणार? ह्यूस्टनने 2015, 2016 आणि 2017 अशी लागोपाठ तीन वर्षं मोठे पूर पाहिले. तिसरा हार्वे वादळाचा. टेक्सासमध्येच नेदरलँड नावाच्या गावी त्या वादळात साठ इंचांहून जास्त पाऊस मोजला गेला, म्हणजे दीड हजार मिलिमीटरच्या वर. आपण 26 जुलै 2005 चे सांताक्रूझचे 944 मिलिमीटर विसरलेलो नाही. ते एका दिवसातले होते, हे काही दिवसांतले, पण अंदाज यावा म्हणून सांगतो.

केटीच्या बाजूची गोष्ट तर त्याहून विचित्र. ह्यूस्टन शहर वाचवायला 1940 च्या दशकात लष्कराच्या इंजिनिअरांनी तिथे बार्कर आणि अ‍ॅडिक्स असे दोन बंधारे बांधले. एरवी कोरडे, मोठा पाऊस झाला की पाणी अडवून धरायचं. पण धरणाचं पाणी जिथवर पसरू शकतं, तेवढी सगळी जमीन सरकारने घेतलीच नव्हती. कडेची राहिली. तिथे पुढे बिल्डर आले, वसाहती उभ्या राहिल्या, हिरवळ, तळी, शाळा. म्हणजे धरणाच्या पोटात हजारो घरं! काही वसाहतींच्या मंजूर नकाशावर बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं, की ही जागा बार्कर जलाशयाला लागून आहे आणि इथे पाणी साठवलं जाऊ शकतं. तो कागद घर घेणाऱ्याच्या हातात सहसा पडत नसे. ही पळवाट ऐकून मला हसू आलं. आपल्याकडचे प्लॉटवाले एवढं तरी लिहितात का, असंही मनात येऊन गेलं.

"अशा जागी लोक घरं बांधतातच कशाला?" असं पुण्या-मुंबईत बसून म्हणणं सोपं आहे. मी कोकणातला, मला ते म्हणवत नाही. कोळ्याने समुद्रापासून लांब जाऊन करायचं काय? आणि जुनी माणसं आंधळेपणाने कुठेही बांधत नव्हती. न्यू ऑर्लिन्सचा जुना फ्रेंच भाग नदीकाठच्या उंचवट्यावर आहे. 29 ऑगस्ट 2005 ला कतरिना वादळ आलं, शहराचा ऐंशी टक्के भाग बुडाला, पण हा जुना भाग बव्हंशी कोरडा राहिला. बुडाले ते बरेचसे नंतर दलदल उपसून, पंप लावून, बांध घालून वसवलेले सखल मोहल्ले. पाण्याजवळ राहणाऱ्याला मी दोष देत नाही. सखल जमीन कोरडी म्हणून विकणाऱ्याला देतो, आणि तिचा विमा कोरड्या भावात देणाऱ्यालाही.

कतरिनानंतर माझ्या धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात बिकट काम शेजारच्या मिसिसिपी राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर झालं. तिथे घरं उरलीच नव्हती, नुसते सिमेंटचे चौथरे. वाऱ्याने पाडलं असेल तर खासगी कंपनी देणार, वादळी उधाणाने पाडलं असेल तर नाही. चौथऱ्याकडे बघून कसं ठरवायचं, आधी वारा आला की पाणी? निसर्ग वादळानंतर, 2020 च्या जूनमध्ये, मी श्रीवर्धनकडे पंचनामे पाहत फिरलो. कौलं उडालेली, पोफळी आडव्या, वाशांत माडाची झावळी घुसलेली. तिथे निदान घर कुठे होतं ते दिसत होतं. मिसिसिपीत प्रकरणं कोर्टात गेली. पास्कागूलात राहणारे सिनेटर ट्रेंट लॉट यांचं घरही असंच वाहून गेलं, आणि त्यांनीसुद्धा आपल्या विमा कंपनीवर दावा लावला. सिनेटरची ही गत, तर बाकीच्यांनी कुठे जायचं?

सरकारी विम्याचा हप्ता खऱ्या धोक्यापेक्षा कितीतरी कमी ठेवलेला होता. कतरिनाच्या वर्षी तिजोरीतून अब्जावधी डॉलर उचलावे लागले. 2017 मध्ये संसदेने 16 अब्ज डॉलरचं कर्ज सरळ माफ केलं. शंभरातली एखादीच पॉलिसी वारंवार बुडणाऱ्या घराची असते, पण दाव्यांच्या रकमेतला पाव हिस्सा किंवा थोडा जास्त तिकडेच जातो. पाणी ओसरतं, पैसे मिळतात, त्याच जागी तेच घर उभं राहतं, पुढच्या पावसाळ्यात ये रे माझ्या मागल्या. 2012 मध्ये हप्ते वाढवायचा कायदा झाला, लोक ओरडले, 2014 मध्ये बराचसा मागे घेतला. 2021 पासून घराघराचा धोका मोजून हप्ता ठरतो, पण बहुतेक घरांना वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करता येत नाही.

बांधकामाने पाणी थोपवता येतं का? येतं, पण खर्च ऐका. 8 सप्टेंबर 1900 ला टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बेटावर वादळाने किमान सहा हजार माणसं मेली. तिथला हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन याने नऊ वर्षं आधी वर्तमानपत्रात लिहिलं होतं, की इथे समुद्राला भिंत घालायची गरज नाही. त्या वादळात त्याची बायको गेली. मग गावाने सतरा फूट उंचीची भिंत बांधली, आणि भिंतीमागचं गावच उचललं. दोन हजारांहून जास्त इमारती स्क्रू-जॅक लावून, माणसांनी हाताने पीळ देत वर घेतल्या आणि खाली पंपाने रेतीचा रबडा भरला. लोक वर्षानुवर्षं लाकडी पुलांवरून चालत दुकानात जात होते. 1915 मध्ये तोडीस तोड वादळ आलं, तेव्हा गावात त्या मानाने फारच थोडी माणसं दगावली. आज ती भिंत जिथे संपते त्याच्याही पुढे, खांबांवर चढवलेले सुट्टीचे बंगले आहेत.

या बंगल्यांसाठी मला 1982 चा एक अमेरिकन कायदा पटतो. किनाऱ्यालगतच्या काही मोकळ्या वाळूच्या बेटांवर बांधायला त्याने बंदी केली नाही. एवढंच म्हटलं, की इथे नवीन घराला सरकारचा पूरविमा मिळणार नाही. बांधा हौसेने, स्वतःच्या जिवावर. पण जो तीन पिढ्या तिथेच राहतोय त्याला असं म्हणणं मला कठोर वाटतं. त्याला उठायला पैसे द्यावेत. सँडी वादळानंतर न्यू यॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर ओकवुड बीचची घरं सरकारने वादळाआधीच्या किमतीला विकत घेतली, पाडली आणि जमीन मोकळी सोडली. तिसऱ्यांदा भिंती कापायला पैसे देण्यापेक्षा ते बरं.

मुलीने पुराचा विमा घेतला. नवीन पॉलिसी साधारण तीस दिवसांनी लागू होते, वादळ मेक्सिकोच्या आखातात आल्यावर फोन करून उपयोग नसतो. म्हणून ती एप्रिलमध्येच भरून मोकळी होते आणि मग मला फोन करते, बाबा, पुन्हा वाढवला हो. टेक्सासमध्ये 2019 पासून घर विकताना आधी पूर आला होता का, घर जलाशयाच्या पोटात येतं का, हे फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. शेजाऱ्याने लिहून दिलं आणि घर विकलं. नवीन बिऱ्हाड आलंय, लहान मुलं आहेत. आतून भिंती नव्या, फिकट निळ्या. बाहेरच्या विटांवरची रेघ पाण्याच्या फवाऱ्याने दोनदा घासून घेतली, पण पुरती गेलेली नाही. तिच्यापुढे त्यांनी जास्वंदीची मोठी कुंडी ठेवलीय.