घाट उतरताना डिस्कब्रेक तापतोय? आधी बोटं सोडा!

नमस्कार मंडळी. पन्हाळ्याच्या सायकल राईडचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच रड चाललीय: "दादा, चढताना काय नाही झालं, पण उतरताना ब्रेकच लागंना झाला." कुणाला जळका वास येतोय, कुणाची डिस्क निळी पडलीय. म्हटलं, एकदाच बसून बोलूया.

ब्रेक काय करतो ते माहितीच आहे. पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला चिमटतात, घर्षणानं उष्णता होते. पण किती? माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरा, 300 मीटरचा उतार धरा. साधारण 250 किलोज्यूल झाले. एवढ्यात पाऊण लिटर पाणी उकळतं! थोडी उष्णता वारा खातो, बाकीची सगळी या (डिस्क कॅमेऱ्यासमोर धरून) बशीएवढ्या पत्र्यात.

आता मुद्द्याचं. ब्रेक घासत उतरू नका. लिव्हर अर्धवट दाबून धरायची आणि त्याच जोरावर खालपर्यंत यायचं, हे बंद करा. वळणाआधी दोन्ही ब्रेक दमदार दाबा, वेग उतरवा आणि सोडा. पूर्ण सोडा. पॅड सुटले की डिस्कला वारा लागतो.

"मी हळूच उतरतो, मग कसा तापेल?" असं एकानं लिहिलंय. अरे भावा, म्हणूनच तापतो! वेग असला की वारा तुला अडवतो, त्याचं काम तो करतो. तू रांगत आलास की सगळं ओझं ब्रेकवर. सुसाट सुट म्हणत नाही मी, सरळ रस्त्यावर जरा बोटं सैल कर एवढंच.

अजून पटत नसेल तर खाली आल्यावर हात बघा. मनगटापासून कोपरापर्यंत भरून आलाय? म्हणजे घासतच आलाय तुम्ही.

एकाची आयडिया लई भारी: "गाडीसारखं खालच्या गिअरवर उतरलं तर?" राजा, सायकलला इंजिन कुठाय? पॅडल थांबवलं की मागचं चाक मोकळंच फिरतं. आणि ते "पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटतो" म्हणणारे! एकट्या मागच्यावर उतरतात आणि मग तोच जाळतात. अंग मागं घ्या, दोन्ही वापरा.

तापलाच, तर ओळखायचा कसा? लिव्हर कडक आहे पण सायकल थांबत नाही, तर पॅड तापलेत. लिव्हर थेट हँडलला टेकतेय, तर ब्रेकच्या आतलं, पॅड दाबणारं ऑइल उकळून वाफ झालीय. दुसरं जास्त वाईट. काहीही असो, बाजूला थांबा, लिव्हर सोडून द्या आणि निवांत गार होऊ द्या. बाटलीतलं पाणी ओतू नका! करूळ घाटात माझ्यासमोर एकानं ओतलं. चर्रर्र आवाज आला, वाफ निघाली, आणि पुढं खालपर्यंत डिस्क दर फेऱ्याला टिक-टिक घासत होती. वाकडी झाली ना. दुसरा एक मित्र चेन बसवायला खाली बसला, पोटरी डिस्कला लागली. डिस्कच्या भोकांची नक्षी उमटली पायावर.

घरी आल्यावर पॅड काढून बघा. काचेसारखे चकचकीत झाले असतील तर बारीक पॉलिश पेपरवर हलके घासा, तेल लागलं असेल तर सरळ बदला. घाट नेहमीचा असेल तर मेटल पॅड घ्या, पण डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' (म्हणजे मेटल चालत नाहीत, फक्त रेझिनचे मऊ पॅड) असं छापलेलं नाही ना ते बघून. 160 ऐवजी 180 मिलिमीटरची डिस्क बसत असेल तर अजून बरं.

लिव्हर हँडलला टेकली होती आणि गार झाल्यावर परत कडक झाली, म्हणून सोडून देऊ नका. ब्लीड करून घ्या, म्हणजे जुनं ऑइल आणि आतली हवा काढून नवीन ऑइल भरून घ्या. ब्रेकमध्ये दोन प्रकारची ऑइल असतात, डॉट आणि मिनरल. त्यातलं डॉट ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट 4 नवीन असताना किमान 230 अंशाला उकळतं, ओलावा धरल्यावर ती हद्द 155 वर येते. आपल्याकडचा पाऊस बघता जुनं ऑइल ठेवून घाटात जाऊच नका.

कुठलं ऑइल ते बहुतेक लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट असेल तर डॉटच, मिनरल असेल तर मिनरलच. अदलाबदल केली की आतले रबर सील गेले. दुकानदार "एकच असतंय ओ सगळं" म्हणाला, तर सायकल घ्या आणि बाहेर पडा.