नागद्वारच्या वाटेवरचा पाऊस

श्रोतेहो, नमस्कार. नागपंचमी जवळ आली की नागपूर आणि आसपासच्या गावांतून नागद्वारच्या यात्रेची तयारी सुरू होते. सौंसर, छिंदवाडा, तामिया करत माणसे पचमढीला पोहोचतात आणि पुढची सातपुड्यातली वाट पायीच तुडवतात. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतील ही वाट वर्षातून मोजकेच दिवस उघडते आणि ते दिवस नेमके भर पावसाचे असतात.

पहिल्या खेपेला मी न भिजण्याची सारी तजवीज केली होती. दोन तासांत ती फसली. चढावर रेनकोटाच्या आत घामानेच बनियन चिंब झाली, सॅकवर आवरण असूनही पाणी पाठीकडून आत झिरपले आणि भारी बुटांत शिरलेले पाणी काही केल्या निघेना. माझ्यापुढे काटोलकडच्या एक आजी मेणकापड पांघरून अनवाणी चालल्या होत्या. माझी धांदल पाहून त्या म्हणाल्या, ‘‘भिजाचंच हाये, त मंग येवढी घाई कायची बाप्पा?’’

आजींचे खरे होते. मात्र भिजण्यापेक्षा गारठण्याची धास्ती अधिक बाळगावी, हे मला पुढे कळले. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर आहे, तर पचमढीजवळचे धूपगड शिखर सुमारे 1350 मीटरवर. एवढ्या चढाईत तापमान साधारण सहा अंशांनी उतरते आणि वाऱ्यामुळे गारवा त्याहून अधिक बोचतो. चालताना शरीर ऊब निर्माण करत असते, पण माणूस थांबला की ओला सुती कपडा तीच ऊब शोषू लागतो. आमच्यातला एक धडधाकट गडी माथ्यावर अर्धा तास बसला आणि कुडकुडू लागला. त्याला शर्टाची गुंडी लावता येईना, विचारले एक तर उत्तर भलतेच. कोरडे कपडे, घोंगडी आणि एका सेवा मंडळाच्या मांडवातला गोड चहा, एवढ्यावर तो सावरला, कारण आम्ही वेळीच ओळखले.

तेव्हापासून मी सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालतो आणि रात्रीच्या कोरड्या कपड्यांचा एक जोड तिच्यात तोंड बांधून ठेवतो. नाल्याचे पाणी गढूळ होऊन चढताना दिसले की थांबतो, कारण आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या अंगाला पाऊस कोसळत असू शकतो. ओलांडायचेच झाले तर सॅकचा कमरेवरचा पट्टा सोडून, म्हणजे पाय घसरला तर ती टाकून देता येते.

खरी परीक्षा सकाळी असते. कोरडा जोड पुन्हा पिशवीत बांधून, कालचेच ओलेगार कपडे अंगात घालावे लागतात. मोह अनावर होतो. मी एकदा त्याला बळी पडलो आणि त्या रात्री मांडवात ओल्या कपड्यांतच, गुडघे छातीशी घेऊन, उजाडण्याची वाट पाहत बसलो.