बॉयलरवरची बाई: स्टीमपंक वेस्टर्न चित्रकादंबरी कशी उभी करावी
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, वाफेची यंत्रं, काउबॉयचा मुलूख आणि मध्यभागी एक खमकी बाई अशी चित्रकादंबरी काढायला घेतली की बहुतेकांच्या वहीत आधी टोपीवरचा गॉगल उमटतो. मग कोटावर दातेरी चक्रं, कमरेला पिस्तूल. ते चक्र नेमकं काय फिरवतंय हे चित्रकारालाही ठाऊक नसतं. यंत्र नुसता दागिना होतं आणि बाई तो मिरवणारी मॉडेल. माझं म्हणणं एवढंच, की वाफेला पाणी लागतं आणि अमेरिकेच्या पश्चिमेत पाण्याचीच मारामार आहे. कथानक तिथून काढा.

आपण १८७४ सालचं नेवाडा घेऊ. व्हर्जिनिया सिटी हे चांदीच्या खाणींवर वाढलेलं गाव. रेल्वे १८७० मध्ये आली. १८७३ मध्ये सिएरा पर्वतातलं पाणी सुमारे ७ मैल लांबीच्या, रिव्हेट मारलेल्या लोखंडी नळातून आणलं. नळ दरीत उतरतो, पुन्हा डोंगर चढतो, आणि पलीकडच्या उंचीच्या दाबानं पाणी वर येतं. हे खरोखर घडलेलं आहे, पदरचं काही घालायला नको. अशा गावात नळाची किल्ली ज्याच्या हाती, खलनायक तोच.

आता नायिकेला २० अश्वशक्तीची, रुळांशिवाय धावणारी गाडी देऊ. वापरलेली वाफ धुराड्यातून सोडून देणाऱ्या साध्या इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण १४ किलो पाणी धरा. म्हणजे तासाला २८० लिटर, आठ तासांना सव्वादोन टन. एक किलो कोळशात सहा-सात किलो पाण्याची वाफ होते, तेव्हा तासाला ४०-४५ किलो कोळसा. लाकूड असेल तर वजन जवळपास दुप्पट. एवढी टाकी आणि एवढं सरपण गाडीवर कुठे आहे, ते चित्रात दिसलं पाहिजे. शिवाय थंड बॉयलर तापायला दोन-तीन तास सहज जातात. टांग मारली आणि पसार झाली, हे घोड्यावर चालतं, इथे नाही. पळायचं पहाटे सहाला असेल तर जाळ तीनला पेटवावा लागेल आणि धूर गावभर दिसेल. ताण आयता मिळाला.

बिघाड तर सोन्याची खाण आहेत. वाळवंटातलं खारट पाणी बॉयलरमध्ये फेसाळतं. मग पातळी दाखवणाऱ्या काचनळीत पाणी भरपूर दिसतं, प्रत्यक्षात कमी असतं. फेस वाफेबरोबर सिलिंडरमध्ये गेला तर पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरचं झाकण फुटतं. दुसरं, इंजेक्टर. चालत्या वाफेच्या झोतानं बॉयलरमध्ये पाणी ढकलणारी ही युक्ती जिफारनं १८५८ मध्ये काढली. पण टाकीतलं पाणी उन्हानं तापलं की वाफ त्यात नीट विरत नाही आणि इंजेक्टर पाणी घ्यायचंच थांबवतो. नेवाडातली दुपार, मागे पाठलाग, टाकी अर्धी भरलेली आणि तरी बॉयलरला थेंब जात नाही! पाणी भट्टीच्या छताच्या पत्र्याखाली गेलं की पत्रा लाल होऊन खचतो, मग स्फोट. अशा वेळी अडाणी माणूस घाईनं पाणी सोडतो. जाणकार बाई पाण्याला हात लावत नाही. ती हवेची झडप बंद करते आणि फावड्यानं जाळावर माती टाकते. तिचा कणखरपणा मला त्या फावड्यात दिसतो, बंदुकीत नव्हे. बंदूक द्यायचीच तर लक्षात ठेवा, १८७४ ची काडतुसं काळ्या दारूची. दोन बार झाले की समोर धुराचा पडदा.

वाफ काढताना एक चूक हमखास होते. वाफ दिसत नाही. फटीतून सुटल्यावर थोडं अंतर रिकामं सोडा, पांढरा ढग तिथून पुढे सुरू करा. कोरड्या दुपारी तो लगेच विरतो, थंड पहाटे लांबवर रेंगाळतो. आवाजाचंही तसंच. दोन सिलिंडरचं इंजिन चाक थेट फिरवत असेल तर एका फेऱ्यात चार ‘भक्’. गाडी सुटताना ते चौकटभर पसरून लिहा, वेगात एकमेकांना चिकटवा.

कपडे लोकरीचे किंवा कातड्याचे. ठिणगी पडली की सुती कापड पेट घेतं, लोकर सहसा नाही. कपड्यांवरून घातलेला पोलादी कॉर्सेट भट्टीसमोर किती वेळ सोसवेल, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

पुस्तक डावीकडे बांधलेलं असतं, त्यामुळे पान उलटल्यावर आधी सम क्रमांकाचं पान दिसतं. काचनळीतला फेस विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत ठेवा, फुटलेलं झाकण सम पानावर.

मराठी संवादांसाठी पंडिता रमाबाईंचं १८८९ मधलं अमेरिकेचं प्रवासवर्णन जवळ असू द्या. त्या काळची अमेरिका मराठीत कशी बोलली गेली, ते त्यात सापडतं. अक्षरं लिहिताना इंग्रजीतला संवादाचा फुगा जसाच्या तसा घेऊ नका. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतला ‘कू’ खालच्या ‘र्कीं’त अडकतो. एका फुग्यात वीसेक शब्द पुरे. आणि फुगा आधी आखा, बॉयलर नंतर. उलट केलंत तर काचनळीवरच फुगा येतो.