आधी नाक, मग जीभ

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘आयपीएसाठी हॉप्सची निवड आणि समतोल’ असं भारदस्त काहीतरी छापलंय. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल ही बिअर, आणि हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीवरची फुलं. ते मी सांगणार आहे, काळजी नसावी. पण आधी त्या जहाजाचा निकाल लावू द्या. आपल्या घरच्या बिअरमध्ये कडूपणाचा जो अतिरेक होतो, त्याचं मूळ मला त्या जहाजात दिसतं.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. इंग्लंडहून हिंदुस्थानकडे निघालेली बिअर वाटेत नासायची, साहेब लोक तहानलेले राहायचे, मग हॉजसन नावाच्या ब्रुअरला, म्हणजे बिअर बनवणाऱ्याला, युक्ती सुचली, त्याने सढळ हाताने हॉप्स टाकले आणि इंडिया पेल एल जन्माला आली. छान गोष्ट आहे. तिसऱ्या ग्लासानंतर तर फारच पटते. (हशा)

आता खरं काय ते बघा. जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी लंडनच्या पूर्वेला, बो इथे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचा धक्का तिथून जवळ. जहाजाच्या कप्तानांना स्वतःचा माल नेऊन विकायची मुभा होती आणि हॉजसन त्यांना लांब मुदतीची उधारी द्यायचा. धक्का जवळ आणि उधारी लांब, एवढंच त्या धंद्याचं गुपित. त्याची ती बिअर काही त्याने शोधलेली नव्हती. शरदात तयार करून बड्या जमीनदारांच्या तळघरात वर्ष-दोन वर्षं मुरवायची ती तेज ‘ऑक्टोबर बिअर’ आधीपासून होती, आणि तिच्यात हॉप्सही भरपूर पडत. शिवाय पोर्टर नावाची काळी बिअरही त्याच जहाजांतून जात होती. गोऱ्या पलटणी ती पीत होत्या. तीही शाबूत पोचत होती की! हॉप्समुळे बिअर टिकते हे खरंच आहे. लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंची हॉप्सपुढे मात्रा चालत नाही. पण हे ब्रुअर मंडळींना हॉजसनच्या कितीतरी आधीपासून अनुभवाने माहीत होतं.

मग प्रवासात घडायचं काय? आफ्रिकेच्या दक्षिणेच्या केपला वळसा, दोनदा विषुववृत्त पार, चार-सहा महिने पिंपं डुलताहेत. तळघरात व्हायचं ते मुरणं जहाजात उरकायचं आणि कडूपणा मवाळ व्हायचा. म्हणजे ज्या बिअरच्या कडूपणाचे आपण पोवाडे गातो, ती ग्लासात पडेपर्यंत पुष्कळ निवलेली असायची. गोष्टीतला हा भाग कोणी सांगत नाही. पुढे १८२२च्या सुमारास इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या ऑलसॉप या ब्रुअरने त्या धंद्यात उडी घेतली. पहिला नमुना म्हणे चहाच्या किटलीत केला! ते खरं-खोटं सोडा, पण बर्टनचं पाणी जिप्समचं, सल्फेटने भरलेलं, आणि त्या पाण्यात हॉप्सची चव स्वच्छ, कोरडी उठते. बर्टनवाले हॉजसनला भारी पडले त्यात या पाण्याचा मोठा हात होता. पाण्यावर पुन्हा येतो, वेळ राहिला तर.

जहाजाचा एवढा राग का, तर त्या गोष्टीने आपल्या डोक्यात एक समीकरण बसवलंय : जास्त हॉप्स म्हणजे जास्त कडू, आणि जास्त कडू म्हणजे अस्सल. एका चाखण्याच्या बैठकीत एक उत्साही गृहस्थ बाटली घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, एकशेवीस!” मला आधी वाटलं रक्तदाब सांगताहेत. (हशा) तर तो आयबीयूचा, म्हणजे कडूपणाच्या मापाचा, आकडा. मी विचारलं, “वास कसला येतो?” ते थोडे गोंधळले, बाटलीकडे बघितलं आणि म्हणाले, “वास… हॉप्सचाच की.” चव घेतली तर जिभेच्या मुळाशी खरखर बसली, ती पुढच्या दोन ग्लासांत गेली नाही. वर त्यांनी कडूपणाला उतारा म्हणून क्रिस्टल माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेलं गोडसर धान्य, ओतलेलं. आगीतून फुफाट्यात! कडू राहिलंच, शिवाय ते गोडमिट्ट झालं.

आणि तो एकशेवीस आला कुठून? लॅपटॉपमधून. दर लिटरला १ मिलिग्राम आयसो-अल्फा अ‍ॅसिड म्हणजे ढोबळमानाने १ आयबीयू. हॉप्समधलं अल्फा अ‍ॅसिड उकळीत रूप पालटतं तेव्हा हे तयार होतं, पण तासभर उकळूनही त्याचा पाचवा हिस्सा, फार तर पाव, आपल्या पदरात पडतो. हॉप्स दुप्पट केले की सूत्र बिनधास्त दुप्पट आकडा देतं. वर्ट, म्हणजे माल्टचं ते गोड पाणी, तसं ऐकत नाही, त्याची विरघळवण्याची ताकद संपते. उरलेलं गाळात आणि यीस्टला चिकटून जातं. जिभेचीही तीच गत, एका हद्दीपुढे तिला फरक कळत नाही. त्या आकड्याची स्पर्धा करणं मला आजही समजलेलं नाही. असो. संयोजक घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं? सात. बरं.

तर माझं म्हणणं एवढंच, की रेसिपी उलटी लिहा. आपण कागदावर पहिली ओळ साठ मिनिटांच्या हॉप्सची लिहितो. ती शेवटी लिहा.

सुरुवात नाकाने. पाकीट उघडलं की हॉप्सच्या दोन-चार पेलेट्स, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, तळहातावर चुरा, हात एकमेकांवर घासा, ऊब लागू द्या. बोटांना लुपुलिन, म्हणजे हॉप्समधली पिवळट, चिकट भुकटी, लागेल. पहिला वास सोडून द्या, अर्ध्या मिनिटाने पुन्हा हुंगा. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास आला तर हॉप्स शिळे आहेत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. आता जाती. ताजा सिट्रा असेल तर लिंबूवर्गीय फळं आणि पिकलेलं उष्णकटिबंधीय फळ, सिमको असेल तर पाइनची राळ, ईस्ट केंट गोल्डिंग्ज असेल तर मातकट-मधाळ. १९७२ साली आलेल्या कॅस्केडपासून अमेरिकन आयपीएचा ग्रेपफ्रूटचा वास सुरू झाला. यातला एक नायक निवडा आणि त्याला एक जोडीदार. सिट्राला सेंटेनियल किंवा सिमको, कारण फळाला राळेचा आधार मिळतो. तीनच्या वर जाऊ नका. सहा जाती एकत्र केल्या की कुठलीच ओळखू येत नाही, नुसतं ‘हिरवं’ लागतं.

हा वास तेलांचा. त्यातलं मायरसीन तर उकळीत भराभर उडून जातं. म्हणून नायकाला उकळत्या भांड्यात टाकायचंच नाही. आच बंद करा, वर्ट ८० अंशांपर्यंत उतरू द्या, मग व्हर्लपूलमध्ये, म्हणजे ढवळून भोवरा केलेल्या वर्टमध्ये, वीस मिनिटं. २० लिटरला ६० ग्रॅम सिट्रा घाला. त्या तापमानालाही थोडा कडूपणा येतो, १० ते १५ आयबीयू धरा. बाकीचा सुगंध ड्राय हॉपिंगमधून, म्हणजे आंबवणाच्या भांड्यात न उकळता हॉप्स टाकून : लिटरला ५ ते ८ ग्रॅम, दोन-तीन दिवस. ८ च्या पुढे वास फारसा वाढत नाही, पाल्याची तुरट चव मात्र वाढते.

आता, शेवटी, कडूपणा. मूळ घनता, म्हणजे आंबण्याआधीच्या वर्टची घनता, १.०६० असेल तर दशांशचिन्हापुढचे ६० घ्या. कोरड्या, अमेरिकेतल्या वेस्ट कोस्ट वळणाच्या आयपीएला आयबीयू त्याच्या ८०–९० टक्के, म्हणजे ५० च्या आसपास. धूसर, रसाळ हवी असेल तर ५०–६० टक्के पुरे. कोरडीच्या ५० मधून व्हर्लपूलचे १०–१५ वजा करा, राहिले ४० च्या जवळपास. १२ टक्के अल्फा अ‍ॅसिडचा मॅग्नम जातीचा हॉप साठ मिनिटं उकळला तर २० लिटरला साधारण ३२ ग्रॅम. मॅग्नमच का, तर तो कडूपणा देतो आणि वासात फारशी ढवळाढवळ करत नाही. क्रिस्टल माल्ट ५ टक्क्यांच्या आत ठेवा. समतोल गोडाने साधायचा नसतो, शेवटची घनता १.०१०च्या जवळ आणा. बिअर कोरडी असली की तोच कडूपणा घोटाबरोबर संपतो, जिभेवर रेंगाळत नाही.

एक इशारा. हॉप्समध्येही विकरं (एन्झाइम्स) असतात, ती उरलेले डेक्स्ट्रिन, म्हणजे यीस्टला न पचणाऱ्या साखरा, तोडून यीस्टला पुन्हा खाऊ घालतात, मग बाटलीत वायू वाढत जातो. ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच हे लिहून ठेवलंय आणि बाटल्या आजही फुटताहेत. ड्राय हॉपनंतर घनता पुन्हा मोजा, स्थिर झाल्याशिवाय भरू नका. भरताना हवा लागू देऊ नका. धूसर बिअर तर हवेने तपकिरी पडते. बाटल्या तपकिरी काचेच्या, अंधारात, थंड. आणि लवकर प्या, हा सुगंध मुरवत ठेवायचा नसतो.

पाणी राहिलंच. दोन वाक्यांत : कोरडी हवी तर सल्फेट क्लोराइडच्या दुप्पट-तिप्पट, धूसर हवी तर क्लोराइड वरचढ. जिप्सम किती टाकायचं हे तुमच्या पाण्याच्या तपासणीवर ठरेल. ज्यांनी अहवाल आणलेत त्यांनी थांबा, मी खाली उतरतो.