काम सुटलं

(जळगाव. सकाळचे साडेसात. अजिंठा चौफुलीवरून एमआयडीसीकडे जाणाऱ्या मोटरसायकली, सायकली, हँडलला लटकलेले डबे. आधी नुसता आवाज, मग निवेदन.)

आपल्याकडे कोणाला विचारलं ना, काय भो, कामावर दिसत नाही आजकाल, तर माणूस म्हणतो काम सुटलं. बास, एवढंच. सोडलं असं म्हणत नाही आणि काढलं असं पण म्हणत नाही. सुटलं. जशी स्टँडवरून एसटी सुटते, दावणीचं जनावर सुटतं, तसं काम सुटलं, त्यात कोणाचा दोष नाही आणि कोणाचं नाव नाही. चारचौघात लाज झाकायला हा शब्द भलताच कामाचा आहे.

पण हाच शब्द घेऊन तुम्ही ऑफिसात गेलात की फसता, कारण कॉम्प्युटरला सुटलं कळत नाही. दर महिन्याला कारखान्याचा माणूस ईएसआयसीच्या, म्हणजे कामगारांचा विमा चालवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, पोर्टलवर कामगारांची यादी चढवतो, कोणाचे किती दिवस भरले, किती पगार, आणि ज्याचे दिवस शून्य आहेत त्याच्या नावापुढे कारणाचा नंबर टाकतो. २ नंबर म्हणजे लेफ्ट सर्व्हिस, नोकरी सोडली. १० म्हणजे रिट्रेंचमेंट, कपात केली. ११ म्हणजे नो वर्क, कामच नव्हतं. अजून बरेच आहेत, मेला त्याला पण नंबर आहे, ५. आता मुनीम घाईत असतो, १५ तारखेच्या आत भरायचं असतं, शंभर-दीडशे नावं असतात, तो सरसकट २ टाकून मोकळा होतो. मुनिमाला शिव्या घालून उपयोग नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की ह्या एका आकड्यावर माणसाचे काम गेल्यावरच्या भत्त्याचे तीन महिन्यांचे पैसे अडकतात.

(चटईच्या कारखान्याचं बंद शटर. बाहेर रंगीत प्लास्टिकच्या नळ्यांचे गठ्ठे, त्यावर धूळ.)

हे आबा. नाव टाकू नका म्हणाले, कारखान्याचं तर अजिबात नको, तिथे पुतण्या अजून आहे. आबांनी १४ वर्षं चटईच्या मशीनवर काढली. जळगावची प्लास्टिकची चटई आज कुठे कुठे जाते, पण ती विणणाऱ्या माणसाच्या बोटाला उन्हाळ्यात काय होतं ते जवळून बघायला पाहिजे. (बोटांचा क्लोजअप. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर कडक झालेली कातडी, मधोमध चीर.) धागा तुटला की मशीन थांबायच्या आत पकडायचा, त्याची ही खूण.

फेब्रुवारीत रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज आला, उद्यापासून सहा मशीन बंद, खाली नावं आहेत त्यांनी येऊ नये. नावात सातवं नाव आबांचं. संपलं. ठेकेदाराचा फोन नाही, पत्र नाही, काही नाही.

आमच्या आजोबांच्या वेळी गिरण्या होत्या ना, अमळनेरची प्रताप मिल काय, जळगावची खान्देश मिल काय, तेव्हा गिरणीचा भोंगा वाजायचा त्यावर अख्ख्या गावाचं घड्याळ चालायचं. भोंगा बंद म्हणजे गिरणी बंद, सगळ्या गावाला एकदम कळायचं, रडायला पण सगळे सोबत. आता एकेकाच्या खिशात एकेकाचा भोंगा वाजतो, टिंग करून, आणि शेजारच्याला पत्ता नसतो.

(आबांच्या घरी. कुसुंब्याकडची वस्ती. फोनवर जपून ठेवलेला मेसेज.)

आता योजना काय आहे ते सांगतो, कारण आम्ही पंचवीस-तीस जणांना विचारलं, त्यातल्या चौघांनीच नाव ऐकलेलं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ पासून चालू झाली. ज्याचा ईएसआय कापला जातो, म्हणजे पगार महिना २१,००० पर्यंत असलेला माणूस, त्याचं काम गेलं तर आयुष्यातून एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता. ते ९० दिवस तुकड्यातुकड्यात घेतले तरी चालतात. सुरुवातीला सरासरी पगाराचा चौथा हिस्सा मिळायचा, कोरोना आला तेव्हा २४ मार्च २०२० पासून तो निम्मा केला, आणि आधी काम गेल्यावर ९० दिवस थांबायला लागायचं ते ३० दिवसांवर आणलं. ही वाढीव मुदत संपते, परत वाढवतात, परत संपते, त्यामुळे अर्ज करायच्या आधी आत्ता काय चालू आहे ते बघून घ्या बाप्पा.

अट अशी की दोन वर्षं विम्याखालच्या नोकरीत पाहिजे. वर्षाचे दोन भाग धरतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, तर काम जायच्या लगेच आधीच्या भागात किमान ७८ दिवसांची वर्गणी, म्हणजे विम्याचे पगारावर कापलेले पैसे, आणि त्याच्या मागच्या तीनपैकी एका भागात परत ७८ दिवसांची. कारखान्याच्या सही-शिक्क्याची गरज २०२० पासून काढून टाकली, अर्ज माणूस स्वतः करू शकतो, पैसे थेट बँक खात्यात. आणि पंधरा दिवसांत निकाली काढायचं असं तेव्हा जाहीर झालेलं.

आणि कोणाला मिळत नाही? ज्याने काम स्वतःहून सोडलं त्याला नाही, शिस्तभंगात काढलेल्याला नाही, वय झालं म्हणून निवृत्त झालेल्याला नाही, बेकायदा संपात असलेल्याला नाही.

स्वतःहून सोडलं. इथे आबा अडकले. पोर्टलवर त्यांच्यापुढे २.

अर्ज मार्चअखेर केला, एप्रिल गेला काहीच नाही, मे मध्ये खेटे सुरू. जळगावचा मे, दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, त्यात हा माणूस दोन रिक्षा बदलून ऑफिसात जातो आणि खिडकीवर विचारतो झालं का. कोणतं ऑफिस ते सांगत नाही आम्ही. खिडकीतला माणूस वाईट नव्हता हो, त्याने स्क्रीन वळवून दाखवली, म्हणाला बाबा तुम्ही नोकरी सोडली असं दिसतंय, मी काय करू. आबा आम्हाला ते सांगताना अजून चिडतात, आणि चिडले की अहिराणीत येतात: "मी सोडं नही भाऊ, माले काढी टाकं!"

मग युनियनमधल्या एका जुन्या माणसाने रस्ता सांगितला आणि तो मी जरा सविस्तर सांगतो कारण इथेच लोक हात टेकतात. पहिली गोष्ट, तोंडी भांडायचं नाही, नाकारलं असेल तर कारण लेखी मागायचं. दुसरं, तो ग्रुपवरचा मेसेज, त्याचा फोटो, वर तारीख दिसेल असा, प्रिंट काढून. तिसरं, त्याच यादीतल्या चार जणांचे सहीचे जबाब की आम्हाला एकाच रात्री बंद केलं, आता पाच माणसं एकाच रात्री एकदम आपापल्या मनाने नोकरी सोडतात का? चौथं, ठेकेदाराला आणि मूळ कारखान्याला, दोघांना रजिस्टर पोस्टाने पत्र की कारण दुरुस्त करा. दोघांना का, तर ईएसआयच्या १९४८ च्या कायद्यापासूनच ठेकेदाराच्या माणसांच्या वर्गणीची जबाबदारी पहिल्यांदा मूळ मालकावर आहे, तो हात झटकू शकत नाही. पोचपावत्या सांभाळायच्या. (पिवळी पडलेली पोचपावती, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी गव्हाच्या डब्यात.) मग हे सगळं जोडून वरच्या ऑफिसला अर्ज आणि केंद्राच्या तक्रार पोर्टलवर पण तेच. त्याच्याही पुढे कामगार विमा न्यायालय आहे, भत्त्याच्या वादाचा निकाल तिथे लागतो, पण आबांना तिथवर जावं लागलं नाही. कारखान्याने एक ओळीचं पत्र दिलं की ऑर्डर नसल्यामुळे सहा मशीन बंद केली. एक ओळ. ती मिळायला चार महिने.

(वहीच्या पानावर हिशोब. पेन्सिल.)

पैसे आले तेव्हा परत घोळ. आबांनी मनात धरलेलं, पगार १५,०००, निम्मा साडेसात हजार, तीन महिन्यांचे २२,५००. आले १६,६४३. घरात म्हणाले कोणीतरी मधे खाल्ले. कोणी खाल्ले नव्हते, हिशोबच वेगळा असतो. आधीच्या चार भागांत, म्हणजे दोन वर्षांत जेवढ्या पगारावर वर्गणी भरली त्या एकूण आकड्याला ७३० ने भागतात, सुट्ट्या रविवार सगळं धरून. दोन वर्षं पूर्ण भरली असती तर ३,६०,००० भागिले ७३०, रोजचे ४९३ रुपये, निम्मे २४६ आणि वर काही पैसे, ९० दिवसांचे २२,१९१. पण मधले सहा महिने ठेकेदाराने वर्गणी भरलीच नव्हती. म्हणून २,७०,००० च धरले गेले.

आणि गंमत बघा, त्या सहा महिन्यांत आबांच्या पगारातून महिन्याला ११३ रुपये कापले जात होते. पाऊण टक्का कामगाराचा, सव्वातीन टक्के मालकाचा. कापले, पण पुढे गेलेच नाहीत. ११३ रुपयाकडे कोण बघतं! आम्ही पण नसतं बघितलं. त्याची वेगळी तक्रार चालू आहे.

(डाळ मिल. पाखडण्याचा आवाज, हवेत पिवळी धूळ.)

ह्या ताई डाळ मिलमध्ये होत्या, यांचं प्रकरण वेगळंच. ठेकेदार बदलला की नव्या ठेकेदाराने नवा विमा नंबर काढला. जुना नंबर असताना. त्यामुळे कागदावर ह्या दोन बायका, एकीची दीड वर्षाची नोकरी, दुसरीची आठ महिन्यांची, आणि दोन वर्षं कोणाचीच भरत नाहीत. दोन्ही नंबर एक करायला आधार लागतं, आणि जुन्या नोंदीत नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक एच जास्त. तुम्हाला माहितीये का, देशातला पहिला आधार नंबर आपल्याच खान्देशात दिला गेला, २९ सप्टेंबर २०१०, नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली गाव. त्याला इतकी वर्षं झाली आणि ताई एका एचसाठी तिसऱ्यांदा सेतूत बसल्यात. डबा सोबत घेऊन येतात आता, कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा, म्हणतात इथे दिवस जातोच तर उपाशी कशाला.

उशिराचं म्हणाल तर सातपुड्याकडे धडगाव-मोलगीला रोजगार हमीवाल्यांना विचारा. २००५ च्या कायद्यात असं होतं, मजुरी १५ दिवसांत द्यायची, नाही दिली तर सोळाव्या दिवसापासून दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. तीन हजार अडकले असतील तर रोजचा दीड रुपया. हा दीड रुपया मागायला तालुक्याला जायचं जीपभाडं किती ते तुम्हीच काढा.

(शिरपूर रस्ता. टपरीवर पंचविशीतला मुलगा. चेहरा दाखवलेला नाही.)

आता उलटं प्रकरण, जास्त पैसे मिळाल्याचं. ह्या भाऊचा पगार १२,०००. काम गेलं, एक्केचाळिसाव्या दिवशी दुसरीकडे लागलं. म्हणजे हक्क ४० दिवसांचा, कारण नवं काम लागलं की भत्ता थांबतो. पण अर्ज कॅफेवाल्याने भरला, त्याने पूर्ण तीन महिने टाकले, नव्या कारखान्याने वर्गणी उशिरा भरली त्यामुळे तेव्हा पोर्टलवर काही दिसलं नाही आणि ९० दिवसांचे पैसे जमा. पोराला वाटलं सरकारने दिले. घराचे पत्रे टाकले त्यात. वर्षभराने पत्र, ५० दिवसांचे साधारण ९,८६३ रुपये परत करा.

त्या पत्राने घरचे इतके घाबरले की बापाने शेळी विकायला काढली. कारण हक्क नसताना मिळालेला भत्ता परत करावा लागतो, १९४८ च्या कायद्यात ते कलम ७० होतं, आणि नाही केला तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. खोटी माहिती मुद्दाम दिली असं ठरलं तर शिक्षेचं कलम वेगळं आहे. आमचं मत विचाराल तर पोराची चूक आहे, सही करताना वाचायला पाहिजे होतं, पण फॉर्म इंग्रजीत, कॅफेवाला घाईत आणि मागे आठ जणांची लाईन. त्याने पत्र दाबून ठेवलं नाही हे बरं केलं. नव्या कामाची रुजू तारीख, पगाराची स्लिप जोडून लेखी उत्तर दिलं, ४० दिवसांचे माझे बरोबर आहेत, वरचे परत करतो, हप्ते करून द्या. उत्तर अजून आलेलं नाही. शेळी आहे.

(पुन्हा एमआयडीसी. दुसऱ्या एका कारखान्याचं गेट.)

दिवाळीनंतर आबांना दुसरीकडे काम लागलं, पाईपच्या कारखान्यात, परत ठेक्यावर. पहिल्या दिवशी आम्ही सोबत गेलो होतो. गेटजवळ झाडाखाली ठेकेदाराचा पोरगा लॅपटॉप घेऊन बसलेला, आधार कार्ड घेत होता, एकेकाला विचारत होता. आबांनी आधी खिशातून चिठ्ठी काढली, जुना विमा नंबर लिहिलेली, म्हणाले हाच टाक, नवा काढू नको. पोरगा हो म्हणाला. मग विचारलं, आबा, मागचं काम का सोडलं?

आबा थांबले. मागे लाईन होती.

"सोडं नही. काढं. तसच लिख."

पोराने काहीतरी टाईप केलं. काय ते आम्हाला कॅमेऱ्यात दिसलं नाही, स्क्रीनवर ऊन होतं.