पाचशेच्या आतलं गाव

(दृश्य: बामणोलीचा धक्का, लाँच भरतेय)

सातारा जिल्हा, जावळी तालुका. बामणोलीच्या धक्क्याला लाँच लागली आहे. आधी तांदळाची पोती, मग गॅसची टाकी, मग माणसं. पलीकडच्या काठावरच्या गावांचा बाजार, दवाखाना, कचेरी, सगळं या बाजूला. मधे शिवसागर, कोयना धरणाचा फुगवटा.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथं पाणी अडलं. आज धरणाची क्षमता 105 टीएमसी (अब्ज घनफूट) आणि कोयनेच्या विजेची 1,960 मेगावॅट. नदीकाठची भातखाचरं, देवळं, पायवाटा पाण्याखाली गेल्या. हजारो कुटुंबं रायगडापासून सोलापूरपर्यंत पांगली. जी गेली नाहीत ती वर सरकली आणि डोंगराच्या अंगाला जागा मिळेल तिथं वाड्या करून राहिली. मग 1985 साली कोयना अभयारण्य झालं. आता रस्त्याच्या मातीला फावडं लावायचं तर वनखात्याची परवानगी आधी.

(दृश्य: तापोळा, तराफ्यावर जीप चढतेय)

हा तापोळ्याचा तराफा. जीप चढवताना चालक इंच इंच पुढं घेतो, खालचा माणूस हातानं खुणा करतो, चाक फळीवर आलं की सगळा तराफा एका बाजूला कलतो. पावसाळ्यानंतर पाणी काठोकाठ असतं, तेव्हा हे सोपं. उन्हाळ्यात पाणी उतरतं, धक्का उंच राहतो आणि त्याच्याखाली गाळाचा उतार उघडा पडतो. डोक्यावर ओझं घेऊन तो चढायचा.

(दृश्य: डोंगरउतारावरची वाडी, पाच-सहा घरं, दोन बंद)

रस्ता का नाही, याचं उत्तर या घरांच्या संख्येत आहे.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झाली. तिनं या देशात लाखो किलोमीटर रस्ते बांधले, ते मान्यच करायला हवं. पण तिचा निकष लोकसंख्येचा: सपाट भागात वस्ती किमान 500 ची हवी, डोंगरी राज्यांत, वाळवंटात आणि अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रात 250 ची. नंदुरबारचं धडगाव अनुसूचित क्षेत्रात, म्हणून तिथं अडीचशे. जावळी मात्र ना डोंगरी राज्यात, ना अनुसूचित क्षेत्रात. म्हणजे सह्याद्रीच्या या कड्याला कागदावर मोजमाप सपाटीचं! शेजारच्या वाड्या एकत्र धरता येतात, पण अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या. डोंगरी राज्यांना ही सवलत दीड किलोमीटरची आहे. इथं एका वाडीतून दुसरीत जायला ओढा उतरून चढण चढावी लागते. अर्ध्या किलोमीटरात दुसरी वाडी येणार कुठून?

रस्ता नाही म्हणून तरणी माणसं मुंबईला, नवी मुंबईला माथाडीत जातात. माणसं जातात म्हणून आकडा घटतो आणि आकडा घटला की रस्ता आणखी लांब. शिवाय मोजायला आधार अजून 2011 च्या जनगणनेचा. 2024 साली मंजूर झालेला योजनेचा चौथा टप्पाही त्याच आकड्यांवर उभा आहे.

(दृश्य: होडी, मुलींच्या हातात वल्हं)

हे खिरखंडी, जावळीतलंच गाव. इथल्या मुली स्वतः होडी वल्हवत अंधारी गावाच्या काठाला जात आणि तिथून जंगलातून चालत शाळेत. जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याची स्वतःहून दखल घेतली.

आजारी माणूस डोलीतून काठापर्यंत येतो, मग लाँच, मग गाडी.

(दृश्य: पुलाचं काम)

तापोळ्याजवळ पलीकडच्या आहीर गावाकडं जाणाऱ्या मोठ्या पुलाचं काम हाती घेतलं आहे. पूल हवाच. पण पुलाच्या पलीकडं उतरलेल्या माणसाला आपल्या वाडीपर्यंत जायला वाट लागतेच, आणि ती वाट पाचशेच्या निकषात अडकलेली. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या तालुक्यांना अडीचशेचा निकष आणि दीड किलोमीटरची सवलत द्यावी. रस्ता होईपर्यंत लाँच वेळेवर सुटावी, आणि उन्हाळ्यात पाणी जिथवर उतरतं तिथवर धक्क्याच्या पायऱ्या बांधाव्यात.